डावा हात बाद

माझ्या भावाचा खांदा फाटला तेव्हाचा आवाज मी ऐकला आहे. तो एकवीस वर्षांचा होता. पुण्यात एका स्पर्धेत सर्व्हिस करताना त्याने रॅकेट वर नेली, आणि पुढच्या क्षणी तो गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा ओरडत होता. त्यानंतर दीड वर्ष तो घरी बसला. मी तेव्हा पुलांवर संशोधन करत होते. दोरखंडांवर तोललेल्या पुलाचा दोरखंड एकदम तुटत नाही. आतली एकेक तार तुटत जाते, आणि प्रत्येक तार तुटताना बारीकसा 'कट्' आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, पण दोरखंडाला चिकटवलेल्या यंत्राला येतो. असे किती 'कट्' किती वेळात झाले त्यावरून पूल कधी बंद करायचा ते ठरवता येतं.

मी विचार केला, पुलाचं एवढं कौतुक, मग माझ्या भावाचं का नको?

स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते तिला कंडरा म्हणतात. तीही हजारो बारीक तंतूंची असते आणि तीही फाटण्याआधी बोलते. आमचे बाबा मिरजेत शाळेत गाणं शिकवायचे. तंबोरा लावताना ते मध्येच हात थांबवून म्हणायचे, "ही तार आता कुरकुरतीय, सोडा तिला." मी कंडरेच्या कुरकुरीवर सात वर्षं काम केलं. नखाएवढी एक पट्टी खांद्याला चिकटवायची, ती कंडरेची कुरकुर ऐकते आणि रंग दाखवते. हिरवा म्हणजे खुशाल खेळा. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे आता फाटणार. आम्ही तिचं नाव ठेवलं 'कानोसा'.

तीन वर्षांत सगळ्या व्यावसायिक टेनिसमध्ये कानोसा सक्तीचा झाला. नियम सोपा होता: लाल दिवा लागलेल्या हाताने रॅकेट धरायची नाही. म्हणजे व्यवहारात सामना सोडायचा. मला पुरस्कार मिळाले, शाली मिळाल्या, नारळ तर इतके मिळाले की आईने शेजारी वाटले. आणि माझा भाऊ निषाद बेडगकर माझ्याशी बोलायचा बंद झाला.

कारण कानोशाने लाल दिवा दाखवून ज्यांना थांबवलं, त्यांत पहिल्या वर्षी तोही होता. बंगळुरूला उपांत्य सामन्यात तो पुढे होता, खांदा दुखत नव्हता आणि दिवा लाल झाला. तो मला फोनवर म्हणाला होता, "ताई, तुझं यंत्र कधी चुकलं हे कुणाला कळणार? ज्याला थांबवलं त्याचा खांदा फाटला असता की नसता, सांग की!"

मी म्हटलं, "शक्यता ब्याण्णव टक्के होती."

"आणि मी उरलेल्या आठात असलो तर?"

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं आणि जाताना म्हणाला, "यंत्र बरं आहे ना?" दोन वर्षांत आमच्यात झालेलं हे सगळ्यांत मोठं संभाषण.

*

सांगलीत 'कृष्णाकाठ ओपन'चा पुरुष एकेरीचा अंतिम सामना होता. निषाद आता तेहतीस वर्षांचा. टेनिसमध्ये ह्या वयाला लोक आडून आडून निवृत्तीचं विचारायला लागतात. जन्मभर तो लहान स्पर्धांतून फिरला. जगातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकाही स्पर्धेच्या मुख्य फेरीत त्याला कधी पाऊल ठेवता आलं नव्हतं. ह्या वर्षी मात्र कृष्णाकाठ जिंकणाऱ्याला जानेवारीतल्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळणार होता. अशी संधी त्याला परत मिळणार नव्हती, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि पहिल्या रांगेत पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसलेल्या आईलाही माहीत होतं.

समोर होता लुकाश वोरेल. बावीस वर्षांचा, उंच, गोरापान, तोफेसारखी सर्व्हिस. पोरगा वाईट नव्हता, पण तो नव्या टेनिसमध्ये वाढलेला होता. हे नवं टेनिस म्हणजे काय ते मला सांगितलंच पाहिजे, कारण ते माझं पाप म्हणा किंवा लोकांची हुशारी म्हणा.

दोघांच्या नावांपुढे फलकावर दोन-दोन दिवे असतात, डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा. खेळाडूंना लवकरच कळलं की समोरच्याला हरवायला चेंडू त्याच्या पलीकडे मारलाच पाहिजे असं नाही. त्याच्या खांद्याच्या वर उसळणारे चेंडू मारत राहा, त्याचा दिवा आपोआप पिवळा होतो, मग लाल होतो, आणि तो बॅग उचलून घरी जातो. ह्याला 'दिवा खेळणं' म्हणतात. मी माणसं वाचवायला यंत्र केलं आणि ह्यांनी त्याचा डावपेच केला. लोकही आता चेंडू बघत नाहीत, फलक बघतात. कुणाचा दिवा कधी बदलेल ह्यावर कट्ट्याकट्ट्यावर पैजा लागतात.

निषाद कधीच दिवा खेळला नाही. "माणूस समोर असताना दिव्याशी काय खेळायचं?" म्हणायचा.

वोरेल मात्र पहिल्या सेटपासून त्याच्या डाव्या खांद्यावर चेंडू उसळवत होता. निषाद डावखुरा. पहिला सेट निषादने घेतला, दुसरा वोरेलने, आणि तिसऱ्यात निषाद पाच-चार असा पुढे आला. सर्व्हिस त्याचीच. हा गेम घेतला की स्पर्धा त्याची. तीस-पंधरा झाले. आता फक्त दोन गुण हवे होते.

माझ्या मागे बसलेले एक काका उभे राहून ओरडले, "आता सोडू नगंस रं बाळा!"

आणि दिवा लाल झाला.

सगळं स्टेडियम 'आऽऽ' करून गप्प बसलं. मी काही तिथे कामावर नव्हते. भाऊ खेळत असेल त्या स्पर्धेत मी काम घेत नाही. साधं तिकीट काढून चौथ्या रांगेत बसले होते. तरी मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघतायत. निषाद तर बघतच होता. रॅकेट खाली करून, फलकाकडे पाठ फिरवून, सरळ माझ्याकडे.

*

वोरेल जाळ्याशी आला, हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. हे नेहमीचंच. लाल झाला, हात मिळवला, संपलं.

निषादने हात मिळवला नाही. त्याने रॅकेट डाव्या हातातून काढली आणि उजव्या हातात घेतली.

"नियम काय म्हणतो?" तो पंचांना म्हणाला. "लाल हाताने रॅकेट धरायची नाही. नाही धरली."

पंच डिमेलोबाई पणजीच्या. तीस वर्षं कोर्टावर घालवलेल्या, पण असलं काही त्यांनीही बघितलं नव्हतं. वोरेलचा कोच धावत आला. ही थट्टा आहे, असं त्याचं म्हणणं. नियमाचा हेतू खांदा वाचवणं आहे, रॅकेट कुठल्याही हातात असली तरी डावा खांदा हलणारच, तेव्हा सामना संपला. तसा मुद्दा बरोबर होता. डिमेलोबाईंनी क्षणभर विचार केला आणि माइकवरून माझं नाव पुकारलं.

मी खाली गेले. कोच लगेच म्हणाला, "ही त्याची बहीण आहे!"

"यंत्रही तिचंच आहे," डिमेलोबाई म्हणाल्या. "उत्तर पटलं नाही तर बोला. डॉक्टर बेडगकर, उजव्या हाताने खेळला तर डाव्या खांद्याला धोका आहे का?"

निषाद माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याचा घाम मला दिसत होता. त्याने डोळ्यांनीसुद्धा काही मागितलं नाही. मी 'नाही' म्हटलं असतं तर कुणी मला खोटं ठरवू शकलं नसतं. दोन वर्षांनी माझा भाऊ परत मिळाला असता. हा मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

"आहे," मी म्हटलं. "उजव्या हाताने फटका मारताना माणूस डावा हात झोकतो, तोल सांभाळायला. तो झोका थांबवतानाच कंडरा ताणली जाते. सर्व्हिसला चेंडू उडवायलाही हात वर जाणार. हात मोकळा असेल तर खेळू देऊ नका."

कोचचा चेहरा उजळला. निषादने मान खाली घातली.

"आणि हात छातीशी बांधून टाकला तर?" डिमेलोबाईंनी विचारलं.

मी निषादच्या डाव्या हाताकडे बघितलं. "तर खांद्यावर ताण येणार नाही. पण मग तो तोल कसा सांभाळेल, सर्व्हिस कशी करेल, मला माहीत नाही."

"ते माझं मी बघतो," निषाद म्हणाला. "बांधा."

सर्व्हिसचा प्रश्न डिमेलोबाईंनीच सोडवला. एकच हात चालणाऱ्या खेळाडूला चेंडू रॅकेटवर ठेवून उडवता येतो, हा टेनिसचा जुनाच नियम आहे. कोच परत तोंड उघडणार होता, पण मी भावाच्या बाजूने बोलले नव्हते हे त्याने ऐकलं होतं. तो गप्प आपल्या जागेवर गेला.

स्पर्धेच्या डॉक्टरांनी रुंद पट्टा काढला आणि निषादचा डावा हात कोपरात दुमडून छातीशी बांधायला घेतला. मी परत चौथ्या रांगेत न जाता आईशेजारी बसले. आई पट्ट्याकडे बघत होती. तिला त्यात काय दिसतंय हे मला समजलं.

आमच्या घरी डाव्या हाताने जेवण चालत नसे. प्रसाद डाव्या हातात घ्यायचा नाही, कुणाला वस्तू डाव्या हाताने द्यायची नाही, 'श्रीगणेशा' तर उजव्यानेच. निषादचा डावा सारखा पुढे यायचा. चार-पाच वर्षांचा असताना आईने त्याचा डावा हात जेवताना बाबांच्या रुमालाने बांधून ठेवायला सुरुवात केली. असाच, छातीशी. तो रडत रडत उजव्याने वरणभात कालवायचा. दोन वर्षं हे चाललं. रॅकेट त्याने डाव्यात धरली ती बहुतेक त्याचाच सूड म्हणून. आईवरचा हा राग त्याने कधी लपवला नाही. भर पंगतीत 'माझा हात बांधायची ही' असं सांगून तो लोकांना हसवायचा आणि आई उठून आत जायची.

"मी तेव्हा..." आई म्हणाली आणि थांबली.

"आई, आता बघ गप," मी म्हटलं.

*

खेळ सुरू झाला.

निषादने चेंडू रॅकेटच्या जाळीवर ठेवला, थोडा उडवला आणि खालून तिरका कापला. चेंडू जाळ्याच्या जेमतेम पलीकडे पडला आणि बाजूला पळाला. वोरेल मागे उभा होता. तो लांब ढांगा टाकत आला, वाकला आणि चेंडू जाळ्यात घातला.

चाळीस-पंधरा. स्टेडियम पेटलं. मागचे काका नाचायला लागले, "उजव्यानं बी हाणतंय की गा ह्यो!"

पण वोरेल मूर्ख नव्हता. पुढच्या सर्व्हिसला तो कोर्टात शिरून उभा राहिला आणि चेंडू असा मारला की निषाद जागचा हललाही नाही. त्याच्या पुढच्याला तेच. बरोबरी झाली, म्हणजे ड्यूस. आता कुणीतरी लागोपाठ दोन गुण घ्यायचे होते. निषाद मागच्या भिंतीशी गेला, टॉवेलला तोंड पुसलं आणि रॅकेटची मूठ जरा वर, गळ्याजवळ धरली.

ते बघून मी आईचा हात दाबला. डावखुऱ्या खेळाडूचा बॅकहँड दोन हातांचा असेल तर तो उजव्या बाजूला येतो, आणि त्यात वरचा हात असतो उजवा. डावा खाली नुसता आधाराला असतो. चेंडूला रेटतो तो वरचा हात. निषादने वीस वर्षं रोज शेकडो बॅकहँड मारले होते. म्हणजे त्याच्या उजव्या हाताला एक फटका येत होता, फक्त आजवर तो त्याला कधी एकट्याने मारायला मिळाला नव्हता. जगाला आणि कदाचित निषादलाही हे तोवर माहीत नव्हतं.

ह्या वेळी त्याने सर्व्हिस उंच, संथ आणि खोल टाकली. वोरेलने परतवली. निषाद धावला, बांधलेल्या हातामुळे बदकासारखा डोलत, आणि वरच्या हाताचा तो फटका मारला. चेंडू पलीकडे गेला. साधा गेला, पण गेला. वोरेलने पुन्हा मारला, निषादने पुन्हा परतवला. जमेल तेव्हा तो चेंडू आभाळात उडवायचा, कारण धापा टाकायला वेळ हवा होता. वोरेल त्यावर डोक्यावरून स्मॅश मारायचा आणि निषाद कसाबसा तो परत आभाळात उडवायचा.

तिसऱ्या स्मॅशनंतर वोरेलच्या नावापुढचा दिवा पिवळा झाला.

टेनिसमध्ये खांद्याला सगळ्यांत महाग पडतो तो स्मॅश. निषादने हे मुद्दाम केलं का? नाही. त्याची पाठ फलकाकडे होती. त्याच्याकडे दुसरं काही शिल्लकच नव्हतं म्हणून तो चेंडू वर टाकत होता. पण वोरेलने दिवा पाहिला. पुढचा चेंडू वरून आला तेव्हा त्याने हात उचलला आणि मध्येच खाली घेतला. चेंडू टप्पा पडू दिला आणि हळूच ढकलला. बावीस वर्षांचा, शाबूत खांद्याचा पोरगा माझ्या दिव्याला भ्याला होता. मला त्याची दया आली आणि माझी स्वतःची लाज वाटली.

ढकललेला चेंडू निषादच्या उजव्या बाजूला उभा राहिला. त्याने तो फटका ह्या वेळी पूर्ण मारला. वोरेलला तो दिसला, मिळाला नाही.

अ‍ॅडव्हांटेज बेडगकर. एक गुण.

आईने डोळे मिटून घेतले. "सांग मला काय होतंय ते," ती म्हणाली.

"सर्व्हिस केली... परतली... निषादनं मारला... परत आला..." मी सांगत होते. वोरेल आता पूर्ण ताकदीने मारतच नव्हता, खांदा राखून खेळत होता. शेवटी त्याने खांदा राखायचा सगळ्यांत सोपा फटका काढला. चेंडू जाळ्याच्या अगदी पलीकडे अलगद सोडला.

निषाद मागे होता. तो धावला. हात बांधलेला माणूस असा धावू नये, पडला तर सावरायला काही नसतं. तो पडलाच. पण पडता पडता रॅकेटचं टोक चेंडूखाली गेलं आणि चेंडू वोरेलच्या अंगावरून रेषेकडे निघाला. निषाद छातीवर आपटला. चेंडू रेषेपाशी पडला.

आजकाल रेषेवर माणूस नसतो. चेंडू बाहेर गेला तर यंत्र 'आउट' ओरडतं, आत पडला तर काहीच बोलत नाही. मी आयुष्यात इतक्या गोष्टींचा कानोसा घेतला, पण तेव्हासारखा कधी नाही. मी कान लावून वाट बघत राहिले.

यंत्र गप्प होतं.

मग डिमेलोबाईंचा आवाज आला, "गेम, सेट आणि सामना, बेडगकर!"

*

वोरेलने जाळं ओलांडून येऊन निषादला उठवलं. त्याच्या कानात तो काहीतरी बोलला आणि निषाद हसला. काय ते मी नंतर विचारलं. "म्हणाला, तुझ्याकडे बघत राहिलो असतो तर जिंकलो असतो."

कोर्टाच्या मागच्या खोलीत निषाद बाकावर बसला होता. हात अजून बांधलेलाच. मी दारात थांबले.

"किती आठवडे?" त्याने विचारलं.

"आठ. एक दिवस कमी नाही."

"जानेवारीला अकरा आहेत." त्याने मनात हिशेब केलाच होता. "ताई, डाव्यानं ते दोन गुण खेळलो असतो तर फाटला असता का गं?"

"माहीत नाही. आता कधीच कळणार नाही."

"खरं बोललीस तिथं. कोर्टावर." तो म्हणाला. "मला वाटलं होतं, सांभाळून घेशील."

"राग आला?"

"त्या वेळी आला. पण तू खोटं बोलली असतीस तर अजून दोन वर्षं बोललो नसतो." तो सरकला आणि बाकावर शेजारी जागा केली. मी जाऊन बसले. आमच्यात ह्याहून जास्त लाडाचं बोलणं होत नाही.

मी त्याला सांगितलं की फलकावरचे दिवे मी काढायला लावणार आहे. कानोसा डॉक्टरला ऐकू येऊ दे, खेळाडूला लाल झाल्यावर कळू दे, पण समोरच्याला आणि गावाला दिवा दिसायचा नाही. टेनिस मंडळ भांडेल, पैजा लावणारे भांडतील. भांडू देत, मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

"तिथं तरी तुझ्या बाजूनं बोलीन," निषाद म्हणाला.

तेवढ्यात आई आली. गणपतीच्या देवळातला पेढ्यांचा पुडा इतका वेळ मांडीवर घट्ट धरल्याने चेपला होता. तिने एक पेढा काढला आणि त्याच्यापुढे धरला. निषादने सवयीने उजवा हात पुढे केला.

त्या हाताला एकट्याने रॅकेट पेलायची सवय नव्हती. मूठ धरून धरून तळव्याचे फोड फुटले होते, बोटांच्या बेचक्यात रक्त आलं होतं. आईचा हात तिथेच थांबला.

"उजवा राहू दे," ती म्हणाली. "डावा कर पुढे."

"आई, प्रसाद आहे."

"मला नको शिकवूस. डावा कर."

निषादने तिच्याकडे पाहिलं. मग पट्ट्यातून बाहेर आलेली डाव्या हाताची बोटं त्याने जेवढी उघडता येतील तेवढी उघडली. आईने पेढा त्यांत ठेवला आणि पडू नये म्हणून त्याची बोटं आपल्या हाताने मिटून दिली.